संडरलँड ते अल ऐन: असामोआ ग्यानच्या एका निर्णयाचा प्रकरण अभ्यास

प्रकरण अभ्यासात माणसाचं नाव झाकायची रीत आहे. इथे ती पाळून काही साधणार नाही. घानाचा स्ट्रायकर, पाठीवर स्ट्रायकरला न शोभणारा ३ नंबर, विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात अगदी अखेरच्या क्षणी मिळालेली पेनल्टी, एवढं म्हटलं की फुटबॉल बघणारा कुणीही नाव सांगून मोकळा होतो. म्हणून असामोआ ग्यानचं नाव उघडच ठेवलं आहे. त्याचे एजंट, सल्लागार आणि घरची माणसं मात्र बिननावाची राहतील.

अभ्यासाचा विषय एकच. सप्टेंबर २०११ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, इंग्लिश प्रीमियर लीगमध्ये संडरलँड क्लबकडून जम बसलेला हा खेळाडू संयुक्त अरब अमिरातीच्या लीगमध्ये, अल ऐन क्लबकडे, निघून गेला. तेव्हापासून त्याच्यावर एकच शेरा मारला जातो: पैशासाठी गेला. कोल्हापुरात (तिथे फुटबॉलचे संघ तालमींचे असतात) एका तालमीचा फॉरवर्ड पुढच्या हंगामात दुसऱ्या तालमीकडून उतरला की शाहू स्टेडियमच्या गॅलरीतून जो ऐकू येतो, तोच हा शेरा. पैशासाठी गेला हे मलाही मान्य आहे. पण तेवढ्यानं प्रकरण मिटत नाही. जाणं चूक होतं की जाण्याची पद्धत, हे वेगवेगळे प्रश्न आहेत आणि गॅलरीतून ते एकच दिसतात.

पार्श्वभूमी

ग्यानचा जन्म २२ नोव्हेंबर १९८५ रोजी घानाच्या राजधानीत, अक्रामध्ये झाला. तिथल्याच लिबर्टी प्रोफेशनल्स या क्लबमधून तो वर आला. पोरं हेरायची, घडवायची आणि युरोपला पाठवायची, ही या क्लबची ख्याती. मायकेल एसियन आणि सली मुंतारी हेही तिथलेच. २००३ मध्ये इटलीच्या उदिनेसेनं ग्यानला घेतलं आणि पुढे दोन हंगाम मोडेनाकडे लोनवर (म्हणजे मालकी आपल्याकडे ठेवून, ठरावीक मुदतीसाठी उसना) धाडलं. त्याच वर्षी, अठरा पूर्ण व्हायच्या आत, त्यानं देशासाठी पहिला गोलही केला होता.

२००६ च्या विश्वचषकात चेक प्रजासत्ताकाविरुद्ध त्यानं ६८ व्या सेकंदाला गोल केला. घानाचा विश्वचषकातला हा पहिलाच गोल. त्याच सामन्यात त्याची एक पेनल्टी खांबाला लागली. घाना जिंकल्यामुळे ती कुणाच्या लक्षात राहिली नाही.

आणखी एक प्रसंग नोंदवून ठेवायला हवा. जानेवारी २००८ मध्ये आफ्रिका चषक घानातच होता. नामिबियाविरुद्ध संघ कसाबसा १-० नं जिंकला आणि गोल न झाल्याबद्दल लोकांनी ग्यानला धारेवर धरलं. तो आणि त्याचा थोरला भाऊ (तोही स्ट्रायकर, तोही संघात) बॅगा भरून हॉटेल सोडायला निघाले. सहकाऱ्यांनी समजूत घालून थांबवलं म्हणून पुढचं सगळं घडलं. टीका झाली की या माणसाला ती जागाच नकोशी होते, हे तेव्हाच दिसलं होतं.

त्याच वर्षी तो फ्रान्समध्ये रेन या क्लबकडे गेला. पहिला हंगाम दुखापतीत वाहून गेला. दुसऱ्या हंगामात लीगमध्ये १३ गोल.

जोहान्सबर्ग, २ जुलै २०१०

या सामन्यावाचून पुढचा निर्णय कळत नाही, म्हणून इथे जरा थांबू. भारतात तेव्हा मध्यरात्र उलटली होती. घाना उपांत्य फेरी गाठणारा पहिला आफ्रिकी देश ठरण्यापासून एका गोलाच्या अंतरावर होता. उरुग्वेशी १-१ अशी बरोबरी, जादा वेळेचेही शेवटचे क्षण. घानाच्या अडियाहचा हेडर गोलरेषा ओलांडणार, तोच उरुग्वेचा स्ट्रायकर लुईस सुआरेझनं गोलरक्षकासारखा हातानं अडवला. लाल कार्ड. पेनल्टी.

चेंडू कुणी घ्यायचा यावर चर्चा झालीच नाही. सर्बिया आणि ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याच स्पर्धेत ग्याननं दोन पेनल्टी मारल्या होत्या, दोन्ही आत. या खेपेला फटका क्रॉसबारच्या वरच्या अंगाला थडकला आणि उडाला. मैदानाबाहेर निघालेला सुआरेझ बोगद्याच्या तोंडाशी हात उंचावून नाचत होता.

लोक इथवरचं सांगतात. पुढचं फार कमी जण सांगतात. काही मिनिटांत पेनल्टी शूटआउट सुरू झालं, तेव्हा घानाकडून पहिला चेंडू घेऊन उभा राहिला तो ग्यानच. आणि त्यानं तो वरच्या कोपऱ्यात मारला. नंतर मेन्साह आणि अडियाह चुकले, घाना ४-२ असा हरला. ग्यान मैदानावर ढसाढसा रडत होता.

२००८ मध्ये बॅग भरणारा आणि २०१० मध्ये पुन्हा चेंडूजवळ जाणारा, दोघेही तोच. त्याच्या स्वभावावरून ठोक निष्कर्ष काढणाऱ्यांनी हे दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत.

पेच

३१ ऑगस्ट २०१०, म्हणजे इंग्लंडची ट्रान्सफर विंडो (क्लबांना खेळाडू घ्यायची मुभा असलेली मुदत; पुढची थेट जानेवारीत) बंद होण्याचा दिवस. संडरलँडनं ग्यानसाठी सुमारे १ कोटी ३० लाख पौंड मोजले. क्लबच्या इतिहासातली तोवरची सर्वात मोठी रक्कम. पुढे सहा वर्षं त्यांनी कुणावर याहून जास्त पैसे लावले नाहीत. पहिल्या हंगामात लीगमध्ये १० गोल. नोव्हेंबरात चेल्सीला त्यांच्याच मैदानावर ३-० हरवलं, त्यात एक गोल त्याचा. मार्च २०११ मध्ये वेम्बलीवर इंग्लंडविरुद्ध अगदी शेवटी बरोबरीचा गोल केला. आफ्रिकेतला वर्षातला सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून बीबीसीचा २०१० चा सन्मानही त्यालाच.

दरम्यान संडरलँडची पुढची फळी रिकामी होत गेली. केन्वीन जोन्स आधीच गेला होता. जानेवारी २०११ मध्ये डॅरेन बेंटला ॲस्टन व्हिलानं नेलं. हंगाम संपल्यावर डॅनी वेलबेक लोनची मुदत संपवून मँचेस्टर युनायटेडला परतला. उन्हाळ्यात आलेल्यांत होते १८ वर्षांचा कॉनर विकहॅम, आणि विंडोच्या शेवटच्या दिवशी आर्सेनलकडून लोनवर निकलस बेंटनर. मदार ग्यानवर होती.

आणि इंग्लंडची विंडो बंद झाल्यावर अल ऐनचा प्रस्ताव आला. आखातातली विंडो अजून उघडी होती. संडरलँडपुढची अडचण उघड होती: ग्यानला सोडलं तर जानेवारीपर्यंत बदली माणूस विकत घेता येणार नव्हता. न सोडलं तर मन दुसरीकडे लागलेला खेळाडू पोसायचा.

समोरचे पर्याय

थांबणं हा पहिला. करार चार वर्षांचा होता, त्यातलं एकच वर्ष झालं होतं. अजून एक-दोन चांगले हंगाम आणि मग वरच्या चार-पाच क्लबांपैकी एखादा, असा सरळ रस्ता दिसत होता. त्या रस्त्यावरचे धोकेही खरे होते. रेनमधलं दुखापतीचं वर्ष फार जुनं नव्हतं, आणि वेगावर जगणाऱ्या स्ट्रायकरच्या गुडघ्याची हमी कुणी देत नाही.

दुसरा पर्याय जानेवारीपर्यंत दम धरायचा. तेव्हा युरोपातला दुसरा क्लब शोधता आला असता, संडरलँडलाही बदली घेता आली असती. चार महिन्यांत अल ऐनचा प्रस्ताव तसाच राहील का, हा त्यातला जुगार.

तिसरा पर्याय आत्ता, ताबडतोब जायचं.

पैशाचं गणित थोडं उलगडून सांगतो, कारण इथेच बहुतेक लेख 'मोठा पगार' एवढ्यावर थांबतात. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१० पासून दीड लाख पौंडांवरच्या उत्पन्नाला ५० टक्के प्राप्तिकर लागत होता. अमिरातीत वैयक्तिक प्राप्तिकरच नाही. म्हणजे पगाराचा आकडा अगदी तोच ठेवला असता तरी वरच्या थरातल्या प्रत्येक पौंडाचं हाती जवळपास दुप्पट पडलं असतं. आणि आकडा तोच नव्हता. त्या वेळच्या बातम्यांत तो कित्येक पटींनी जास्त असल्याचं येत होतं. करारपत्र आपण कुणी पाहिलेलं नाही, तरी दिशा नक्की होती. पस्तिशीला कमाई थांबणाऱ्या माणसापुढे असा कागद ठेवला, की 'नाही' म्हणायला नुसती महत्त्वाकांक्षा पुरत नाही. अक्रापासून उदिनेसेपर्यंत आलेल्या पोराच्या कमाईवर किती जणांचे डोळे आणि किती चुली अवलंबून असतात, हे आपल्याकडे दुबईला माणूस पाठवलेल्या घराला वेगळं सांगायला नको.

काय केलं गेलं

१० सप्टेंबर २०११ रोजी ग्यान हंगामापुरता लोनवर अल ऐनला गेला. संडरलँडला त्याचा घसघशीत मोबदला मिळाला. व्यवस्थापक स्टीव्ह ब्रूस यांनी खेळाडूभोवती घुटमळणाऱ्या सल्लागारांवर जाहीरपणे आग पाखडली, पण कागदावर सही क्लबचीही होती हे विसरू नये. बदली खेळाडू आला नाही, येऊ शकत नव्हता. निकाल बिघडत गेले आणि ३० नोव्हेंबरला ब्रूस यांचीच उचलबांगडी झाली. एका स्ट्रायकरमुळे व्यवस्थापक गेला असं म्हणणं बाळबोध ठरेल. पण गोल करणारा माणूस बदलीविना सोडला, ही गोष्ट त्या यादीत वरच्या बाजूला येते.

लोनचा हंगाम संपल्यावर २०१२ मध्ये ग्यान अल ऐनचा कायमचा झाला. परतीचा दोर तिथे कापला गेला. माझ्या मते खरा निर्णय हा दुसरा. पहिला नुसताच गाजला.

हाती काय आलं

आकडे आधी. तीन हंगाम लागोपाठ लीगमध्ये सर्वाधिक गोल: २२, ३१, २९. अल ऐनला २०१२, २०१३ आणि २०१५ मध्ये लीगचं विजेतेपद. २०१४ च्या एएफसी चॅम्पियन्स लीगमध्येही (आशियातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा) सर्वाधिक गोल त्याचेच, १२, आणि संघ उपांत्य फेरीपर्यंत.

'लीग हलकी होती' हा आक्षेप रास्त आहे. पण त्यावरचं उत्तर ग्याननं फोर्तालेझामध्ये दिलं. २१ जून २०१४, विश्वचषक, समोर जर्मनी. जर्मन कर्णधार लामचा पास मुंतारीनं मध्येच उचलून पुढे सोडला, ग्यान त्यावर धावला आणि तिरका फटका गोलरक्षक नॉयरच्या पलीकडे. घाना २-१ पुढे. सामना २-२ सुटला; पुढे जगज्जेती झालेली जर्मनी त्या स्पर्धेत न जिंकलेला हा एकमेव सामना. पोर्तुगालविरुद्ध आणखी एक गोल करून ग्यान विश्वचषकात सहा गोलांवर पोचला आणि कॅमेरूनच्या रॉजर मिलाचा पाच गोलांचा आफ्रिकी विक्रम मोडला. हे सगळं अमिरातीच्या लीगमध्ये खेळत असताना. (त्याच आठवड्यात घानाच्या खेळाडूंनी थकलेल्या मानधनासाठी सराव थांबवला होता आणि सरकारनं ३० लाख डॉलरहून जास्त रोकड विमानानं ब्राझीलला धाडली. पैशासाठी खेळता का, असं विचारणाऱ्यांनी हाही प्रसंग आठवावा: ठरलेले पैसे मिळतीलच, हा भरवसा त्यांना देशाच्या संघातही नव्हता.)

गेलं काय, तर बाजारातली जागा. अल ऐनमध्ये इतके गोल करूनही युरोपातल्या पहिल्या फळीतला क्लब त्याला पुन्हा मिळाला नाही. जुलै २०१५ मध्ये, एकोणतिसाव्या वर्षी, तो चीनला शांघाय एसआयपीजीकडे गेला. आठवड्याला सव्वादोन लाख पौंडांच्या पुढचा आकडा तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकला. हा निर्णय मला अल ऐनपेक्षा खूप कच्चा वाटतो. अल ऐनमध्ये तो संघाचा कणा होता. शांघायमध्ये तो परदेशी खेळाडूंच्या मोजक्या जागांपैकी एक जागा अडवणारा महागडा माणूस झाला. दुखापतींनी घेरलं, आणि २०१६ च्या मध्यावर ब्राझीलचा स्ट्रायकर हल्क आला तेव्हा ग्यान दुबईच्या क्लबाकडे लोनवर परत. तिथे २०१७ मध्ये 'अनैतिक केशरचना' केली म्हणून इतर चाळीसेक खेळाडूंबरोबर त्याच्यावरही कारवाई झाली. कारकीर्द उताराला लागली की माणसाच्या बातम्या केसांवर येतात.

त्यापुढचं थोडक्यात. तुर्कस्तानात कायसेरीस्पोरकडे दोन वर्षं. मे २०१९ मध्ये घानाचं कर्णधारपद त्याच्याकडून काढून सहकारी आंद्रे आयूला देण्याचं ठरताच ग्याननं निवृत्ती जाहीर केली; राष्ट्राध्यक्षांच्या विनंतीनंतर दोन दिवसांत मागे घेतली. पुन्हा तीच बॅग, पुन्हा तीच समजूत. सप्टेंबर २०१९ मध्ये तो इंडियन सुपर लीगमध्ये गुवाहाटीच्या नॉर्थईस्ट युनायटेडकडे आला. एफसी गोवा आणि मुंबई सिटीच्या पाठीराख्यांनी त्याला पाहिला तो हा तेहेतीस वर्षांचा, जडावलेला, पण पेनल्टी बॉक्समध्ये चेंडू आला की अजूनही नेमका वळणारा ग्यान. चार गोल, मग दुखापत, आणि अर्ध्या हंगामातच परतीचं विमान. २०२० मध्ये अक्राचा लेगॉन सिटीज, जून २०२३ मध्ये निवृत्तीची घोषणा. देशासाठी १०९ सामने, ५१ गोल; घानासाठी इतके गोल कुणाचेच नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

जायचंच होतं तर ३१ ऑगस्टच्या आत. प्रस्ताव दहा दिवस आधी टेबलावर आला असता तर संडरलँडला बेंटनरबरोबर आणखी एक माणूस घेता आला असता आणि ग्यानच्या नावाला लागलेला दगाबाजीचा डाग निम्मा झाला असता. यात क्लबचाही दोष आहे. विंडो बंद झाल्यावर कुणालाही सोडायचं नाही, एवढा साधा नियम त्यांनी पाळला असता तर प्रकरण जानेवारीपर्यंत आपोआप ढकललं गेलं असतं.

लोनच्या पहिल्या हंगामाअखेर, बावीस गोल खिशात असताना, युरोपात परत यायची ग्यानची ताकद सर्वात जास्त होती. वय सव्वीस. कायमची सही करण्याआधी एक उन्हाळा बाजार चाचपून बघायला हरकत नव्हती. कमी पगारात, पण मोठ्या लीगमध्ये दोन वर्षं, आणि मग पुन्हा आखात, हा क्रमही शक्य होता. तिशीतल्या स्ट्रायकरला आखात नाही म्हणत नाही, युरोप म्हणतं.

शांघायचा करार करताना विचारायचा प्रश्न पगाराचा नव्हता, जागांचा होता: परदेशी खेळाडू किती उतरवता येतात आणि क्लब पुढच्या वर्षी आणखी कुणाला आणणार आहे? पैसेवाला क्लब आज तुम्हाला ज्या सहजतेनं घेतो, त्याच सहजतेनं उद्या तुमच्या जागेवर दुसरा घेतो.

राहिली पेनल्टी. तिचा ट्रान्सफरशी संबंध नाही असं वाटेल, पण दोन्हीकडे गफलत एकच दिसते: पर्यायी माणूस आधी ठरवून ठेवलेला नसणं. जोहान्सबर्गनंतर दीड वर्षानं, ८ फेब्रुवारी २०१२ रोजी, इक्वेटोरियल गिनीमधल्या बाटा शहरात आफ्रिका चषकाचा उपांत्य सामना होता. समोर झांबिया. सामना सुरू होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती आणि घानाला पेनल्टी मिळाली. चेंडू पुन्हा ग्याननंच उचलला. गोलरक्षक म्वेनेनं अडवला, घाना ०-१ हरला, आणि ग्यान काही काळ देशाच्या संघापासून दूर झाला. त्याच वर्षाच्या अखेरीला त्याची आई अपघातात गेली. तू पुन्हा पेनल्टी घेऊ नकोस, असं तिनं सांगून ठेवलं होतं, हे पुढे त्यानंच जाहीर केलं. जे प्रशिक्षकानं २०१० च्या उन्हाळ्यातच ठरवायला हवं होतं, ते शेवटी आईला ठरवावं लागलं.

तीन वर्षांनी घाना आफ्रिका चषकाच्या अंतिम सामन्यात होता. तारीख तीच, ८ फेब्रुवारी; मैदान तेच, बाटा; समोर आयव्हरी कोस्ट. १२० मिनिटं ०-०. शूटआउट इतकं लांबलं की घानाच्या अकराही जणांवर पाळी आली, अगदी गोलरक्षक ब्रिमाहवरही, आणि त्याचाच फटका अडवला गेला. ९-८. कर्णधार ग्यान त्या अकरांत नव्हता. शूटआउट सुरू होण्याआधीच त्याला बदलण्यात आलं होतं.